रेझांग लाचे ऋण आणि बंद अहवाल

१८ नोव्हेंबर १९६२ची पहाट. लडाखमध्ये चुशूलजवळ, सोळा हजार फुटांहून उंच रेझांग ला खिंडीत १३ कुमाऊं बटालियनची चार्ली कंपनी मोर्चे धरून होती. मेजर शैतान सिंग आणि सुमारे १२० जवान, बहुतेक हरियाणातले अहीर. चालून आलेले चिनी सैनिक कितीतरी पटींनी जास्त.

मधल्या डोंगरामुळे भारतीय तोफांचा मारा तिथवर पोहोचतच नव्हता. हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली, अंगावर त्या थंडीला न पुरणारे कपडे. तरी कंपनी हटली नाही. शंभराहून अधिक जण तिथेच पडले. वाचलेल्यांच्या सांगण्यावर आधी विश्वासही बसला नाही. १९६३च्या सुरुवातीला गोठलेले मृतदेह सापडले, कित्येकांच्या हातात शस्त्रे तशीच. शैतान सिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

पण या जवानांना इतक्या अपुऱ्या तयारीनिशी लढावे का लागले? युद्धानंतरच्या लष्करी चौकशीचा गोषवारा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सप्टेंबर १९६३मध्ये संसदेत मांडला. त्या चौकशीचा मूळ अहवाल, म्हणजेच हेंडरसन ब्रूक्स अहवाल, मात्र सरकारने खुला केलेला नाही. साठ वर्षे उलटल्यावर गोपनीयतेची सबब पटत नाही. सरकारने तो आता छापावा. शहिदांच्या कुटुंबीयांचा त्यावर पहिला हक्क आहे.