आधी निदान, मग मोठा प्लॅन

शनिवारची संध्याकाळ. नागावातल्या एखाद्या नारळ-सुपारीच्या वाडीतले घर. मधुमेह असलेल्या आजींच्या पायाला चार दिवसांपूर्वी जखम झाली आहे. नातू मोबाइल समोर धरतो. पलीकडून डॉक्टर म्हणतात, ‘आजी, पाय जरा उजेडात आणा.’ पाय उजेडात येतो, पण चित्र थिजते. डॉक्टरांना जखमेऐवजी चौकोनी ठिपके दिसतात आणि आजींना डॉक्टरांचे अर्धे वाक्य ऐकू येते. जखमेच्या कडा नुसत्या लाल आहेत की काळ्या पडू लागल्या आहेत, हा प्रश्न तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला फोन जातो. उत्तर ठरलेले असते, ‘मोडेम बंद करून चालू करा.’ तेवढ्याने भागले नाही तर, ‘काका, मोठा प्लॅन घ्या.’

असे घर नागावात एकच नाही. आक्षी, चौल, रेवदंडा या सगळ्या पट्ट्यात ते सापडेल. तापाच्या प्रत्येक रुग्णाला एकच गोळी आणि अशक्तपणाच्या प्रत्येक तक्रारीवर टॉनिक देणाऱ्या वैद्याला लोक फार दिवस मानत नाहीत. इंटरनेटच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षे हेच उपचार चालू आहेत. मोडेम बंद-चालू केल्याने ताप उतरावा तसा वेग तात्पुरता सुधारतो, मूळ दुखणे जागेवर राहते. मोठा प्लॅन हे टॉनिक. त्याने खिसा हलका होतो, गुण येईलच असे नाही.

घरातले इंटरनेट ही आता केवळ करमणुकीची गोष्ट राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये देशात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली आणि त्यापाठोपाठ एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या सल्ल्याची सेवा सुरू झाली. त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, तारा तुटल्या. गावातल्या वृद्धांची औषधे, मुंबईतल्या मुलांची चौकशी आणि डॉक्टरांचा सल्ला एकाच तारेवर किती अवलंबून आहे, हे त्या दिवसांत किनाऱ्याने अनुभवले. म्हणून मंद इंटरनेटकडे दुखण्याकडे पाहावे तसेच पाहायला हवे. आधी विचारपूस, मग तपासणी, मग उपचार.

विचारपूस सोपी आहे. वेग दिवसभर मंद असतो की रात्री आठ ते अकरा या वेळेतच? एकाच मोबाइलवर की घरातल्या सगळ्या उपकरणांवर? पाऊस किंवा जोराचा वारा आल्यावर वाढतो का हा त्रास? पडवीत बसल्यावरच होतो की माजघरातही? या चार उत्तरांवर निम्मे निदान होते. घरात येणारी तार कोणती, हेही पाहून घ्यावे. बारीक, केसासारख्या काचेची फायबर असेल तर तिची दुखणी वेगळी. जाड, काळी, मध्ये तांब्याची तार असलेली आणि टोकाला आट्यांचा धातूचा कनेक्टर असलेली कोअॅक्सियल केबल असेल, तर पुढचे सगळे तिला लागू पडते.

मोजमापातला एक गोंधळही आधी दूर करावा. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये दिसतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरले तर तो वेग पूर्णच असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. डॉक्टरांना आजींचा पाय दिसतो तो अपलोडच्या वेगावर. केबलचे जाळे मुळात टीव्हीचे कार्यक्रम घरोघरी पोचवण्यासाठी, म्हणजे एकाच दिशेने वाहण्यासाठी बांधलेले होते. त्यावरून इंटरनेट नेण्याचे ‘डॉक्सिस’ हे तंत्रमानक १९९७ मध्ये आले. त्यात घराकडून बाहेर जाणारी वाट अरुंद आहे आणि ती खालच्या कंप्रसंख्यांवर चालते. मोटारी, ठिणग्या उडवणारे स्विच, सैल जोड यांचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात शिरतो.

आता तपासणी. लॅपटॉप तारेने थेट मोडेमला किंवा राऊटरला जोडून वेग मोजावा, मग त्याच जागी वायफायवर मोजावा. तारेवर वेग ठीक आणि वायफायवर मंद असेल, तर केबलवाला निर्दोष आहे, दुखणे घरातच आहे. या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या आणि जाड असतात. राऊटर टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा जिन्याखाली कोंबलेला असतो. त्याला घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळे ठेवणे हा बिनपैशांचा उपचार आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच आहेत. शेजारच्या चार होमस्टेंचे राऊटर तिथेच बोलत असतील तर गर्दी होणारच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान असतो, पण तो भिंतींना दबतो. डॉक्टरांशी बोलताना राऊटरच्याच खोलीत बसणे म्हणून केव्हाही बरे.

तारेवरही वेग मंदच आला तर केबलच्या जोडांकडे वळावे. नागावची हवा खारी. ती लोखंड खाते, तांब्यावर हिरवा थर चढवते. सैल किंवा गंजलेला कनेक्टर हे केबल इंटरनेटच्या मंदपणाचे फार साधे आणि फार दुर्लक्षित कारण आहे. टीव्हीसाठी लावलेला जुना स्प्लिटर हे दुसरे. एका तारेच्या दोन वाटा केल्या की प्रत्येक वाटेला निम्म्याहून कमी ताकद उरते. वापरात नसलेला स्प्लिटर काढून टाकावा. तिसरे कारण वाडीतच लटकत असते. माडाला बांधलेल्या तारेवर झावळी पडते, वाऱ्याने साल घासते, पावसाचे पाणी आत झिरपते आणि मोडेमपर्यंत उतरते. तार घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला तर पाणी तिथेच ठिबकून जाते. घराबाहेरच्या तारेला किंवा खांबाला मात्र घरच्या कोणी हात लावू नये. तिथे विजेच्या ताराही असतात.

यापुढची तपासणी म्हणजे मोडेमचा रक्तदाब मोजण्यासारखी आहे. बऱ्याच केबल मोडेममध्ये ब्राउझरवर १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला की एक पान उघडते. येणाऱ्या संकेताची पातळी साधारण उणे ७ ते अधिक ७ डेसिबल-मिलिव्होल्ट या मर्यादेत असावी. संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर ३३ डेसिबलच्या वर असावे. बाहेर जाणाऱ्या संकेताची पातळी ५० च्या वर गेली असेल, तर बहिऱ्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा तसा मोडेम ओरडतो आहे, असे समजावे. वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. हे आकडे फोटो काढून केबलवाल्याला दाखवले, की ‘बंद करून चालू करा’ हे उत्तर पुरत नाही.

आणि सगळे आकडे ठीक असूनही वेग फक्त रात्री किंवा शनिवार-रविवारी पडत असेल तर? मग दुखणे घरात नाही, आळीत आहे. केबलची क्षमता त्या भागातली सगळी घरे वाटून घेतात. शनिवारी पर्यटकांनी नागाव भरते, प्रत्येक खोलीत चार मोबाइल येतात आणि प्रत्येकावर व्हिडिओ चालू असतो. अशा वेळी मोठा प्लॅन घेऊन काय होणार? पंगतीत ताट मोठे घेतले म्हणून पातेल्यातला भात वाढत नाही. तीन दिवस सकाळी सहाला आणि रात्री नऊला, तारेने जोडून वेग मोजावा आणि कागदावर लिहून ठेवावा. सकाळ-रात्रीच्या आकड्यांत मोठी दरी दिसली, तर भात वाढवण्याची जबाबदारी यजमानाची आहे, जेवणाऱ्याची नाही.

इथे ग्राहकाने कणखर व्हायला हवे. तक्रार तोंडी न करता लेखी द्यावी, तिचा क्रमांक घ्यावा. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर बाहेरचे जोड तपासले जातात का, एका जोडणीबिंदूवर किती घरे आहेत, अपलोडचा वेग किती मिळेल, हे विचारावे. आळीतल्या दहा घरांनी मिळून विचारले तर उत्तर लवकर येते. छोट्या केबलचालकाची अडचण खरी आहे. खारा वारा, वादळ, वाढता खर्च हे सगळे त्याच्याही वाट्याला येते. पण निदान न करता मोठा प्लॅन विकणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. सरकारनेही आपली व्याख्या तपासावी. ब्रॉडबँडचा किमान वेग जानेवारी २०२३ मध्ये ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट करण्यात आला, पण तो डाउनलोडचा. दूरवैद्यक गावागावांत न्यायचे असेल, तर अपलोडलाही किमान मर्यादा हवी. रुग्णाला डॉक्टर दिसले आणि डॉक्टरांना रुग्ण दिसलाच नाही, तर त्या सल्ल्याचा उपयोग काय?

तार दुरुस्त होईपर्यंत काय करावे, हे प्रत्येक घरात माहीत असावे. सल्ल्याच्या वेळी घरातले इतर व्हिडिओ बंद ठेवावेत. जखमेचे फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावेत आणि आधीच पाठवावेत. चित्र अडकू लागले तर व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर बोलावे. मार्गदर्शक तत्त्वांना फोनवरचा सल्लाही मान्य आहे. रक्तातील साखरेचे आकडे, चालू औषधे आणि जखम कधी झाली हे कागदावर लिहिलेले असेल तर दोन मिनिटांच्या आवाजी बोलण्यातही बरेच काम होते.

पण काही दुखण्यांना कितीही वेगवान तार पुरत नाही. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली ताकद अचानक जाणे, अशा वेळी व्हिडिओ जुळण्याची वाट पाहू नये. सरळ १०८ ला फोन करावा. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची जखम काळी पडली, वास येऊ लागला, सूज वर चढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पायातली नाडी लागते का आणि तळव्याला स्पर्श कळतो का, हे डॉक्टरांना हात लावूनच पाहावे लागते.

नागावहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय दूर नाही. तरीही एकट्या आजींना जखमी पाय घेऊन तिथवर जाणे सोपे नसते. कोणत्या पायाने वाट पाहिलेली चालेल आणि कोणत्या पायाने नाही, हे घरबसल्या ठरवायला तार उपयोगी पडते. ती निवड चुकू नये यासाठी एक गंजका कनेक्टर वेळेवर बदलणे हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.