कमी दराची सही

शाळेच्या खरेदी समितीवर असताना बाकांसाठी तीन कोटेशनं आली. तिन्हींवर अक्षर एकच! सर्वांत कमी दर मंजूर झाला. सही माझीही होती. वर्षभरात बाकं डुगडुगायला लागली.

26 ऑगस्ट 2024 रोजी मालवणात राजकोटवरचा शिवरायांचा 35 फुटी पुतळा कोसळला तेव्हा मला ती सही आठवली. अनावरण 4 डिसेंबर 2023 चं, म्हणजे नऊ महिनेही झाले नव्हते. वाऱ्याकडे बोट दाखवलं गेलं. अहो, श्रावणात इथे वारा किती असतो ते कुठल्याही रापणवाल्याला विचारा!

कमी दर घेणाऱ्या अधिकाऱ्याला ऑडिटवाले सहसा विचारत नाहीत. जास्त दराचा चांगला माल घेतला, तर खुलासे लिहावे लागतात. म्हणून तो माल नाही, फाइल सांभाळतो. नव्या 60 फुटी पुतळ्याच्या निविदेत दहा वर्षं देखभालीची अट घातली गेली. म्हणजे अट लिहिता येते तर!

सरकारी पैसा म्हणजे अमानत, हे मी वर्गात शिकवतो. यंदा पुन्हा समितीवर नाव आलंय. मी आधी नमुन्याचं बाक मागवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, इतकं कशाला?"