पुठ्ठ्याची गिटार



दहावीचा निकाल लागला आणि धुळ्याचा भाचा जळगावला येऊन म्हणाला, "मामा, माले गिटार लेनी शे." बहिणीने त्यासाठी भिशीचे पैसे राखून ठेवले होते. ते वाया जाऊन चालणार नव्हते.

दुकानात त्याचा जीव एका काळ्या, चकचकीत गिटारीवर जडला. शेजारी एक फिकट, साधी होती. तिच्याकडे तो बघेना.

गिटार वाजते ती तारेने नव्हे, वरच्या फळीने. तार बारीक, ती एकटी किती हवा हलवणार? तिची थरथर घोडीतून फळीत उतरते आणि फळी घुमते. मिरजेचे सतारमेकर या फळीला तबली म्हणतात. हे मूळचे शिकलगार, हत्यारे घडवणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे काम आटले तेव्हा तेच हात वाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तून जातीचे लाकूड, आणि महिनोन्‌महिने वाळवण्याचा धीर! २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगीच नव्हे.

गिटारीची तबली बहुधा स्प्रूसची असते. थंड मुलखातले हे झाड, लाकूड हलके पण ताठ. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर, आणि सहा पोलादी तारांचा ताण सत्तर-ऐंशी किलो, म्हणजे सिमेंटच्या दीड पोत्याएवढा! म्हणून आतून पट्ट्या चिकटवतात. पट्ट्या जाड झाल्या तर आवाज दबतो, बारीक झाल्या तर फळी फुगते. कारागिराची खरी परीक्षा तिथे, आणि ती गिऱ्हाइकाला दिसत नाही.

पाठीला आणि कडांना शिसव वापरतात. शिसव आपल्या सातपुड्यातही आहे. ब्राझीलच्या शिसवावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आली, तेव्हापासून जगभरच्या कारागिरांची भिस्त भारतातल्या शिसवावर आणखी वाढली. हे ऐकून भाचा म्हणाला, "मग शिसवी पाठीचीच घेऊ." पण तिची किंमत भिशीबाहेरची.

तेव्हा त्याला आंतोनियो दे तोरेसची गोष्ट सांगितली. स्पेनच्या या कारागिराने १८६२ मध्ये एक गिटार केली. तबली चांगल्या स्प्रूसची, पाठ आणि कडा मात्र चक्क पुठ्ठ्याच्या. आवाजात तबलीचा वाटा किती मोठा, हे त्याला दाखवायचे होते. ऐकणाऱ्यांनी आवाज वाखाणला. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

मग दोघांनी गिटारीच्या गोल भोकाची कड निरखली. काळीच्या कडेला प्लायवूडचे थर दिसत होते. फिकटीच्या वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरल्या होत्या, म्हणजे तबली अखंड लाकडाची. पाठ प्लायचीच, पण असू दे. तीच घेतली.

एक अडचण उरली. मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि बहिणीच्या घरावर पत्रे. अशा कोरड्या हवेत अखंड लाकूड आकसते, तडकते. इथे प्लाय बरे, ते सहसा तडकत नाही. म्हणून गिटार भिंतीला टांगायची नाही, पेटीत ठेवायची. साबणाच्या डबीला भोके पाडून आत ओला स्पंज घालायचा, पिळून, पाणी ठिबकता कामा नये, आणि ती डबी पेटीत ठेवायची. बहिणीने पेटी माठाच्या कोपऱ्यात ठेवली आहे. पावसाळा लागला की स्पंज काढायचा, हे तिला पत्राने कळवायचे राहिले आहे.