पोटाची तक्रार आणि न ओळखलेला आहारविकार

मुलगी जेवत नाही, हे घरात ध्यानात आले की बहुधा प्रथम पोटाच्या डॉक्टरांकडे धाव घेतली जाते. आम्लपित्त, अपचन, अशक्तपणा अशा निदानांत महिने निघून जातात. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव निघते ते अगदी शेवटी.

याला केवळ संकोच कारणीभूत नाही. 'अॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव इंग्लंडमधील विल्यम गल यांनी १८७३ साली दिले. पुढे जाड होण्याची भीती हे या विकाराचे मुख्य लक्षण मानले गेले. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पाच तरुणींच्या नोंदींत मात्र अन्न नाकारणे, सततच्या उलट्या, घटलेले वजन आणि बंद झालेली पाळी आढळली. स्वतःच्या देहाविषयीची विपरीत कल्पना आढळली नाही. अशा रुग्णाला 'जाड होण्याची भीती वाटते का?' एवढेच विचारले, तर उत्तर नकारार्थी येते आणि विकार निसटतो.

बुलिमियात तर वजनही बरेचदा सर्वसाधारण असते. आवेगाने खाणे, मग उलटी, मग अपराधभाव, हे सारे बंद दाराआड चालते. वारंवारच्या उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाची लय बिघडू शकते. आपल्याकडे उपवास आणि 'किती बारीक झालीस!' या दोहोंचेही कौतुक होते, त्यामुळे आरंभीच्या खुणा गुण ठरतात. मुलांच्या बाबतीत हेच व्यायामशाळेच्या नावाखाली खपते.

दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराला घरच्या घरी दामटून खाऊ घालणेही धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फेट एकाएकी घसरून जीवावर बेतू शकते. म्हणून फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकत्र लागतात. किशोरवयीन रुग्णांच्या उपचारांत आई-वडिलांना दोषी न ठरवता जेवणाची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे सोपवण्याची पद्धत परिणामकारक ठरली आहे.

गोव्यापुरते बोलायचे तर गोमेकॉ आणि मानसोपचार संस्था या दोन्ही बांबोळीतच आहेत. ही सोयीची गोष्ट आहे. पोटाच्या बाह्यरुग्ण विभागातून मानसोपचाराची चिठ्ठी वेळेवर मिळते का, हा खरा प्रश्न आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे, हेही कुटुंबांनी विचारून घ्यावे. रुग्ण स्वतः बोलायला तयार नसेल, तर आई-वडिलांनीही 'टेलि-मानस'च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. ही सेवा चोवीस तास चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते.