अष्टमी कीं सप्तमी ?

गेल्या २२ डिसेंबरास आमच्या सदरमधील घराच्या गच्चीवर एक मौजेचा प्रकार घडला. व्यापारी जहाजावर अधिकारी होण्याचें शिक्षण घेणारा आमचा नातू सुटींत घरीं आला होता. सोबत सेक्स्टंट नामक कोनमापक यंत्र. नागपुरास समुद्राचें क्षितिज कोठून आणावें ? त्यानें स्वयंपाकघरांतील परात उचलली, तींत तेल ओतलें, आणि आकाशांतील सूर्य व तेलांतील सूर्य यांमधील कोन मोजला. संस्कार करून तो ९० अंश ४८ कला भरला. त्याचें अर्ध ४५ अंश २४ कला, हा मध्यान्हींचा उन्नतांश. तो नव्वदांतून वजा केला, बाकींतून सूर्याची दक्षिण क्रांति २३ अंश २६ कला काढली. उरले २१ अंश १० कला. हाच सदरचा अक्षांश ! घड्याळांत मात्र बारा वाजून बारा मिनिटें झालीं होतीं. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि आपण तिच्या पश्चिमेस.

क्रांति कोठून आणलीस, असें विचारतां त्यानें संगणकावर स्वतः रचलेलें गणित दाखविलें. इ. स. २००० च्या १ जानेवारीच्या मध्यान्हापासून गत दिवस, म्हणजे अहर्गण. त्यास दैनिक गतीनें गुणून मध्यम सूर्य. त्यास मंदफल देऊन स्पष्ट सूर्य. आम्ही थक्क झालों, तें नावीन्यामुळें नव्हे. शके १४४२ च्या ग्रहलाघवांत गणेश दैवज्ञांचा क्रम हाच. त्यांनीं ज्याचापांची यातायात टाळली. संगणकास ज्येचें भय नाहीं.

चंद्र मात्र इतका सुशील नाहीं. जुने ग्रंथ त्यास सुमारें ५ अंशांचें परम मंदफल देतात. वस्तुतः तें ६ अंश १७ कला असून शिवाय १ अंश १६ कलांचा दुसरा मोठा संस्कार आहे. पौर्णिमा-अमावास्येस हा पहिल्यांतून वजा जातो, बाकी पांचच उरते. म्हणून ग्रहणें साधत गेलीं आणि उणीव झांकली गेली. अष्टमीच्या सुमारास दोन्ही एकत्र मिळतात, आणि चंद्र अडीच अंशांपर्यंत चुकतो. खलाशी दीडशें सागरी मैल भलतीकडे जाईल. तिथि पांच तासांनीं ढळेल.

येथेंच आमच्या घरांत वादळ उठलें. तीर्थरूपांचें देहावसान वद्य अष्टमीस सायंकाळीं झालें, असें जुन्या पंचांगावरून धरून आम्ही चाळीस वर्षें श्राद्ध करीत आलों. नातवानें तो क्षण यंत्रास दिला. उत्तर आलें, सप्तमी. आम्हीं दोन रात्री जागून तेच संस्कार कागदावर मांडले. सप्तमीच !

“मग चाळीस वर्षें बाबा उपाशी राहिले काय ?” धाकट्या बंधूंनीं विचारलें. ह्या प्रश्नास आमच्यापाशीं गणित नव्हतें. श्रद्धेनें दिलेलें पोंचतें, इतकेंच आम्हीं म्हटलें. परंतु चूक कळल्यावर तीच पुढें चालविणें आम्हांस श्रद्धेचें वाटेना. १९५२ साली डॉ. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालीं पंचांग-सुधारणा समिति नेमली गेली, तींत आपल्या नागपूरचेच डॉ. केशव लक्ष्मण दफ्तरी सभासद होते. दृक्प्रत्ययी गणिताचा त्यांचा आग्रह ह्याच शहरांतील आमच्या घरीं पोंचण्यास इतकीं वर्षें लागलीं, ह्याची आम्हांस लाज वाटते.

यंदा श्राद्ध सप्तमीस ठरलें आहे. बंधूंनीं येण्याचें कबूल केलें. मात्र अष्टमीसहि पान मांडावें, असा निरोप त्यांनीं वहिनींकडे परस्पर धाडला आहे.