सोयावडी चालेल, ‘खिमा’ नको



गेल्या महिन्यात सूनबाईने नातवाच्या डब्यात पाव आणि सोयाबीनच्या चुऱ्याची भाजी दिली होती. भाजी चांगली झाली होती, मीही आवडीने खाल्ली. दुपारी नातू शाळेतून आला आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणाला, “आजी, माझा मित्र म्हणाला हा तर खिमा-पाव. मी म्हटलं, हो, पण आमचा सोयाचा. मग खरा खिमा असाच लागतो का गं?”

नऊ वर्षांचं पोर. मला पटकन उत्तर सुचलं नाही. सूनबाईला विचारलं तर तिने मोबाइलवरची कृती दाखवली, नाव ‘सोया खिमा’. ती म्हणाली, “आई, नावात काय आहे? आत तर सोयाच आहे ना?” तिचा प्रश्न रास्त आहे. पंधरा दिवस मी त्यावर विचार केला, तोच आज लिहिते आहे.

आधी सोयाची बाजू मांडते, कारण त्याच्याविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. मी साठी ओलांडलेली. गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “प्रोटीन किती खाता?” घरी येऊन वही काढली. बी.कॉम. केलेल्या बाईला हिशोबाशिवाय पटत नाही. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे माझ्या ६० किलोला जवळपास ५० ग्रॅम. तूरडाळीत १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम असतात. माझ्या वाटीभर पातळ वरणात डाळ असून असून किती? सोयावडीत मात्र १०० ग्रॅमला ५० च्या वर. एक लक्षात ठेवा, पाकिटावरचा आकडा कोरड्या वडीचा असतो. वडी भिजून पिळली की तिचं वजन तिपटीच्या आसपास जातं, तेव्हा ताटातल्या वाटीवरून हिशोब करू नका. माणशी ३० ग्रॅम कोरड्या वड्या घेतल्या की १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. एवढं पुरे.

ही वडी होते कशी, तेही सांगते. सोयाबीनमधलं तेल काढून घेतल्यावर जो पेंडीसारखा भाग उरतो, त्याचं पीठ करून ते पाणी, उष्णता आणि दाब देऊन यंत्रातून काढतात. दाब सुटला की ते फुगतं आणि त्याला तंतू सुटतात. तेच तंतू दाताखाली मांसासारखे लागतात म्हणे. माझं माहेर सांगलीकडचं. लहानपणी आमच्या शेतात भुईमूग आणि ज्वारी असायची, पुढे सोयाबीन आलं. शेंगेतली बी आहे, शेतकऱ्याच्या घामाची आहे. तिच्यात नाव ठेवण्यासारखं काही नाही.

आपल्या स्वयंपाकघराचे नियम मात्र तिलाही लागू. ‘सोया टिक्का’च्या कृतीत वड्या कच्च्या दह्यात मुरवायला सांगतात. ज्यातून तेल निघतं ते द्विदल धरत नाहीत, म्हणून शेंगदाणा चालतो, मग सोयाबीनचं काय, असं काहीजणी विचारतात. आपापल्या महाराजांना विचारावं. मी तरी दही घालत नाही, टोमॅटो आणि आमसुलावर भागवते. वड्या रात्रभर भिजवून ठेवायची गरज नाही, गरम पाण्यात दहा मिनिटांत होतात. तयार मसाला असलेल्या पाकिटात कांदा-लसणाची पूड असू शकते. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी एवढंच सांगतो, जैन आहे असं सांगत नाही. मागची यादी वाचा.

आता नावाकडे येते. यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी मंदिरात ऐकली आहे. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलक’मध्ये ती लिहिली, कन्नडमध्ये जन्न कवीने १२०९ मध्ये लिहिली. उज्जैनचा राजा यशोधर. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी आई चंद्रमतीने देवीला बळी द्यायचा हट्ट धरला. राजाला जीव मारायचा नव्हता. आईचं मन मोडवेना, म्हणून मधला मार्ग निघाला, पिठाचा कोंबडा करून कापायचा. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी त्या मायलेकांना मोर, कुत्रा असे पशुपक्ष्यांचे जन्म एकामागून एक घ्यावे लागले. लहानपणी मला हा अन्यायच वाटायचा. पीठच तर कापलं होतं! आज कळतं की कोंबडा पिठाचा होता, पण सुरी चालवतानाचा भाव कोंबडा मारण्याचाच होता. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी सांगितला आहे, प्राण जाणं त्यानंतर.

सूनबाईने लगेच मला पकडलं. “मग मासवडी? तुम्हीच तर जुन्नरच्या लग्नात दोनदा मागून घेतली होती.” खरं आहे. मासवडी बेसनाची, सारण तीळ-खोबऱ्याचं, आणि नाव माशाचं. मी गप्प झाले. पण मग लक्षात आलं की मासवडी करणारी बाई माशाची चव शोधत नाही. वडीचा आकार तसा दिसतो म्हणून नाव पडलं, चव आपली बेसनाचीच. ‘सोया खिमा’ची गोष्ट उलटी आहे. त्याचं कौतुकच असं की खऱ्यातला आणि यातला फरक ओळखू येत नाही. फरक ओळखायला आधी खरा माहीत असावा लागतो. माझ्या नातवाने तेच विचारलं, त्याचं काय चुकलं?

याची दुसरी बाजूही माझ्या शेजारीच आहे. आमच्या खडवलीत पावसाळ्यात भातसा नदीवर सहलीला गर्दी होते, कोंबडी-मटणाचे बेत होतात. आम्ही त्या वासातच राहतो आणि कुणाचा द्वेष करत नाही. शेजारच्या वहिनी आगरी. श्रावण पाळताना त्यांच्या मुलाला रविवारी काहीतरी चमचमीत हवं, म्हणून त्या आपल्या घरच्या मसाल्यात सोयावडीचं ‘मटण’ करू लागल्या. श्रावण संपला, तरी त्यांच्याकडे महिन्यातले दोन रविवार सोयाचेच राहिले. रितेश आणि जेनिलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ सुरू केलं तेही अशाच लोकांसाठी, ज्यांना मांस सोडायचंय पण जीभ सोडत नाही. यामुळे जितके जीव वाचतील तितकं पुण्यच आहे. वहिनींना मी म्हटलं, तुम्ही त्याला काहीही म्हणा, करत राहा.

पण त्यांच्या घरी जी पायरी वर चढायची आहे, तीच आपल्या घरी खाली उतरायची होते. त्यांची मुलं माहीत असलेली चव विसरतात, आपली मुलं माहीत नसलेल्या चवीचं कुतूहल शिकतात. म्हणून आपल्या घरात सोया यावा, पण स्वतःच्या नावाने यावा. उद्या हीच मुलं शिकायला परगावी, परदेशी जातील. तिथे एकट्याने ताट निवडताना त्यांना मन मारून राहिल्यासारखं वाटू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

मी करते तो रस्सा सांगते. वड्या मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गार पाण्यात दोनदा घट्ट पिळायच्या, नाहीतर उग्र वास राहतो. मग अर्ध्या करायच्या. मोहरी-जिरं-हिंगाची फोडणी, त्यात टोमॅटो, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ आणि धण्याचं वाटण, लाल तिखट, चिमूटभर सुंठ. पाणी घालून पंधरा मिनिटं उकळायचं. भाकरीबरोबर छान लागतो.

नातवाला मी शेवटी उत्तर दिलं. “बाळा, खरा खिमा कसा लागतो ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तू खाल्लीस ती शेंगेतली बी आहे, तुरीसारखीच.” तो म्हणाला, “मग मित्राला काय सांगू?” मी म्हटलं, “सोयाची भाजी सांग.” सूनबाई हसली, पण परवा डब्यात पाव-भाजी देताना तिनेही तेच नाव घेतलं.

जय जिनेंद्र.