सापडेल तर शपथ

हरवलेली वस्तू शोधणे हा मध्यमवर्गीय मराठी माणसाचा राष्ट्रीय खेळ आहे. चष्मा, किल्ल्या, लाइटचं बिल, रेशनकार्ड, जोडीतला एक पायमोजा आणि ऐन निघायच्या वेळी रुमाल, एवढ्या सहा वस्तूंच्या मागे धावण्यात आपली निम्मी हयात जाते. असं असताना हाच उद्योग पैसे मोजून कॉम्प्युटरवर करावा, हे ज्या कोणाला प्रथम सुचलं त्याच्या धाडसाला माझा नमस्कार आहे. आणि त्याच्या मागून आलेल्या ज्या व्यापाऱ्यांनी या गोड उद्योगाची माती केली, त्यांच्याशी माझं भांडण आहे. हा लेख म्हणजे ते भांडण. ज्यांना भांडण सोसत नाही त्यांनी सरळ पुढचा लेख उघडावा. तो बहुधा पावसाळ्यावर असेल.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर एक खोली दिसते. खोली कसली, लग्नघरातली सामानाची खोलीच ती! खाली दहा-बारा वस्तूंची यादी. त्या वस्तू पसाऱ्यात हुडकायच्या आणि टिचकी मारून उचलायच्या. त्यातली एखादी पहार किंवा किल्ली आपल्या झोळीत येते, तिनं पुढचं दार उघडतं, दारापलीकडे आणखी पसारा असतो, आणि या पसाऱ्यापसाऱ्यांतून एक खून, एक शाप किंवा एक पळवलेली नवरी यांची गोष्ट पुढे सरकते. इंग्रजीत याला 'हिडन ऑब्जेक्ट अ‍ॅडव्हेंचर' म्हणतात. आमच्या घरी याला 'ते शोधायचं' म्हणतात.

कुळ तसं खानदानी आहे. अमेरिकेतल्या 'हायलाइट्स' नावाच्या मुलांच्या मासिकानं १९४६ पासून चित्रात दडलेल्या वस्तूंची कोडी घातली. १९८७ साली मार्टिन हँडफर्ड या इंग्रज चित्रकारानं लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यातला वॉली गर्दीत सोडून दिला, आणि जगभरची पोरं त्याला शोधत बसली. २००५ साली सिएटलच्या 'बिग फिश गेम्स'नं 'मिस्ट्री केस फाइल्स : हंट्सव्हिल' काढला आणि कॉम्प्युटरवर या खेळाला बरकत आली. पुढच्याच वर्षी 'रेव्हनहर्स्ट' आला. त्यात तुम्ही शोधाशोध करत गेलात की एम्मा नावाच्या बाईच्या डायरीची पानं उलगडत जायची. म्हणजे शोधण्याला काही कारण होतं! २००८ च्या 'रिटर्न टु रेव्हनहर्स्ट'मध्ये तर वाडाभर हिंडून इथली वस्तू तिथं वापरायची सोय झाली. पुढे पोलंडच्या 'आर्टिफेक्स मुंडी'नं 'एनिग्मॅटिस' (२०११), 'ग्रिम लेजेंड्स' (२०१४) असे देखणे खेळ काढले. खानदान हे असं. पण खानदानी घराण्यातच दिवटे निपजतात.

दिवट्यांकडे वळण्याआधी एका परकीय आक्रमणाचा समाचार घेतो. आमचे मेव्हणे (सौ.चे थोरले बंधू) म्हणतात, "हा काय खेळ झाला? वस्तू शोधायच्या! डोकं नको, चपळाई नको." स्वतः मेव्हणे मोबाइलवर बंदुका चालवतात आणि रोज साधारण चाळीस माणसं मारून जेवायला बसतात. त्यांना माझं नम्र उत्तर असं, की शोधण्याला डोकं लागत नाही हे ज्यानं कधी कॅश टॅली केलेली नाही त्यानंच म्हणावं. फरक ९ ने भागला जात असेल तर कुठं तरी आकड्यांची उलटापालट झाली आहे, ६३ चे ३६ झाले आहेत, हे आम्हां बँकवाल्यांना नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. ते कळलं की माणूस शंभर आकडे वाचत बसत नाही, नेमके उलटे फिरलेले शोधतो. डोळ्यांनी काय शोधायचं हे आधी डोक्यानं सांगावं लागतं. खेळातही तेच. आमची सौ. 'चाकू' शोधताना चाकू शोधतच नाही. ती सरळ, लांबट कडा शोधते, आणि खिडकीच्या चौकटीला चिकटून निजलेला चाकू सहा सेकंदांत उचलते. मी मागं उभा राहून "तो बघ, तो बघ" म्हणत असतो तो बहुतेक वेळा पडद्याचा गोंडा निघतो.

आणि आणखी एक. बँकेत काही सापडलं म्हणजे कोणाची तरी चूक सापडलेली असते. सापडल्याचा आनंद व्हायच्या आत कोणाचा तरी चेहरा उतरतो. खेळात काही सापडलं म्हणजे नुसतं सापडलं! कोणाला मेमो नाही, कोणाच्या पगारातून कापणं नाही. दिवसभर थकलेल्या माणसाला एवढं निरपराध सुख दुसरं कोणतं मिळतं ते मेव्हण्यांनी सांगावं. म्हणूनच या सुखात जो भेसळ करतो त्याचा मला दुधात पाणी घालणाऱ्यापेक्षा जास्त राग येतो.

भेसळ पहिली. लपवणं वेगळं आणि नाहीसं करणं वेगळं, हे या मंडळींना कळत नाही. चांगला चित्रकार साप लपवतो तो पडद्याच्या दोरीत. वळण तेच, रंग तोच. पण साप अख्खा असतो, त्याला डोकं असतं, तो डोळ्यांसमोर असतो. वाईट चित्रकार तोच साप इतका फिका करतो की तो साप नव्हे, सापाचा आत्मा वाटतो. किंवा कात्री कपाटामागं अशी घालतो की बाहेर फक्त स्क्रू राहतो. त्या स्क्रूवरून कात्री ओळखायची म्हणजे नखावरून मामेसासरे ओळखण्यासारखं आहे. माझी यावर एक साधी कसोटी आहे. वस्तू सापडली की राग कोणाचा येतो ते पाहावं. "अरेच्चा, समोर तर होती!" म्हणून स्वतःच्या कपाळावर हात मारावासा वाटला, तर खेळ उत्तम. चित्रकाराच्या कपाळावर मारावासा वाटला, तर पैसे वाया.

यातच पोटभेसळ म्हणजे वस्तूंचं गोत्र न पाहणं. सतराव्या शतकातल्या मठाचं स्वयंपाकघर, आणि त्यात टेनिसची रॅकेट, पेंग्विन आणि टेलिफोन! मठवासी तिथं नेमकं काय करत असत? वस्तू जागेची असावी. आमच्या आजीच्या पानाच्या डब्यात अडकित्ता लपवा, सुपारी कातरायला तो तिथंच लागतो. तरी काथ, चुना, लवंगा यांच्या गर्दीत तो चटकन दिसणार नाही. शोधता शोधता आजीच कळत जाईल. पेंग्विन शोधून फक्त पेंग्विन मिळतो.

भेसळ दुसरी नावांची. इंग्रजी भाषेत एका शब्दाला चार अर्थ, आणि यादीत लिहिलेला असतो नुसता शब्द. 'बॅट' म्हणजे वटवाघूळ की फळी? 'नट' म्हणजे अक्रोड की बोल्टाचा जोडीदार? 'बो' म्हणजे रिबिनीची गाठ, धनुष्य की गज? यादीत एकदा 'सील' आलं. वीस वर्षं सील मारण्यात घालवलेला मी, टेबलावरचे शिक्के एक एक करून तपासत बसलो. सील निघालं समुद्रातलं, मिशा असलेलं, आणि ते शेल्फवर मातीचं होऊन बसलं होतं. शब्दाची कोटी करायची तर जरूर करा, मराठी माणूस कोटीला नाही म्हणणार नाही. पण कोटीत ऐकणाऱ्याला हसू यायला हवं, टिचक्या मारून त्याचं बोट दुखायला नको. २०१७ साली 'हिडन फोक्स' नावाचा एक खेळ आला. हातानं काढलेली काळीपांढरी चित्रं, आणि सगळे आवाज माणसांनी तोंडानं काढलेले! त्यात ज्याला शोधायचं त्याच्याविषयी एक छोटंसं वाक्य दिलेलं असतं. त्या वाक्यावरून ताडायचं की हा गडी कुठं असेल, मग तंबूची कनात उघडायची, झुडूप हलवायचं. असंही करता येतं, हे त्या खेळानं दाखवून दिलं.

भेसळ तिसरी साहसाची. नायिका एका काचेच्या कपाटासमोर उभी आहे. कपाटात तिला हवी ती चिठ्ठी दिसते आहे. झोळीत हातोडा आहे. कोणीही शहाणी बाई काय करील? पण नाही! कपाटाच्या दारावर फुलपाखराच्या आकाराचे तीन खड्डे आहेत, आणि तीन धातूची फुलपाखरं आणल्याशिवाय ते उघडणार नाही. एक फुलपाखरू तळघरात, एक घुबडाच्या चोचीत आणि एक, ज्याची किल्ली दुसऱ्या कपाटात आहे अशा कपाटात. तिकडे भूत नायिकेच्या बहिणीला ओढून नेतंय, आणि ही आपली अर्ज तीन प्रतींत जोडते आहे! हे साहस नव्हे, हे सरकारी काम आहे. शिवाय हातोडा एकदा वापरला की मोडतो, चाकू एक दोरी कापली की बोथटतो. एवढं टाकाऊ हत्यार आमच्या गल्लीतला भंगारवालासुद्धा घेणार नाही. चांगल्या खेळात हातोड्याचं काम हातोडा करतो, आणि कुठं काम शिल्लक आहे ते नकाशावर दिसतं, म्हणजे बावीस खोल्यांत उगाच पायपीट होत नाही.

पण या तीन भेसळी मी एक वेळ पोटात घालीन. चौथी घालणार नाही.

चौथी भेसळ म्हणजे 'फुकट' खेळ. २०१२ मध्ये फेसबुकवर 'क्रिमिनल केस' आला आणि पुढं अशा खेळांची रीघ लागली. खेळ फुकट, पण प्रत्येक देखाव्याला 'एनर्जी' लागते. ती संपली की थांबायचं, थांबायचं नसेल तर पैसे भरायचे. तोच देखावा पुन्हा पुन्हा खेळून तारे साठवायचे, तेव्हा तपास इंचभर पुढं सरकणार. प्रेताच्या तपासणीचा अहवाल यायला कित्येक तास लागणार, आणि वरती काही ठेवलंत तर ताबडतोब मिळणार! परदेशी लोकांना ही पद्धत कोणी शिकवली याची चौकशी व्हायला हवी. २०१७ च्या बर्लिनमधल्या 'जून्स जर्नी'त जूनच्या बहिणीचा खून झालेला असतो. पण खुनाचा पुढचा भाग बघायचा तर आधी बेटावर बाग फुलवून सजावट करावी लागते. सुतक पाळायचं सोडून माणसं कुंड्या मांडताहेत.

हसून सोडून दिलं असतं. पण माझी एक आत्या आहे, वय ७१. एकटी राहते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिला वाचायला परवानगी दिली आणि भाच्यानं मोबाइलवर असला एक खेळ घालून दिला. आत्या शोधण्यात तरबेज. आयुष्यभर तांदळातले खडे वेचलेत तिनं. पण तिच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत एकदा मी 'दूध', 'पेपर', 'भाजी' यांच्याखाली 'शक्ती' अशी नोंद पाहिली. महिन्यात अकरा वेळा. मला वाटलं टॉनिक. विचारलं तर म्हणाली, "अरे, त्या गेममधली. रात्री झोप येत नाही आणि ती नेमकी तेव्हाच संपते बघ." मग हळूच म्हणाली, "माझंच काही चुकतं का रे? पूर्वी एवढी लागत नव्हती."

तिचं काही चुकत नव्हतं. सुरुवातीला सढळ हातानं द्यायचं आणि माणूस रमला की नळ आवळायचा, हा तिच्या चुकण्याचा नव्हे, त्यांच्या धंद्याचा भाग आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मी सांगतो, विकणं हा गुन्हा नाही. एकदाच दाम घ्या, चांगला पसारा द्या, आनंदानं मोजू. 'बिग फिश'वाले पूर्वी एक तास फुकट खेळू देत आणि पटलं तर विकत घ्या म्हणत. हा सरळ व्यवहार झाला. पण सत्तर वर्षांच्या बाईला रात्री दोन वाजता स्वतःच्या नजरेविषयी शंका यावी आणि त्या शंकेचे पैसे लावावेत, याला आमच्याकडे व्यापार म्हणत नाहीत. सावकारी म्हणतात.

आमची संघटना कोणत्याही प्रश्नावर मागण्यांचा मसुदा सादर करते, तसा मीही करतो. वस्तू अख्खी आणि दिसेल अशी असावी. नाव एकच आणि नेमकं असावं. वस्तू त्या जागेत शोभावी आणि सापडल्यावर तिचा काही उपयोग व्हावा. हातोडा हातोड्यासारखा वागावा. आंधळेपणानं टिचक्या मारणाऱ्याला खुशाल दंड करा. नोटा न मोजता फेकणाऱ्या कॅशियरला आम्हीही करतो. अडलेल्याला मदत मिळावी, थोडं थांबून मिळाली तरी चालेल, पण ती विकत नसावी. घड्याळ ज्याला हवं त्याच्यासाठीच लावावं. आणि गोष्ट जिथं संपते तिथं ती संपावी. शेवटचा अध्याय वेगळ्या, महागड्या आवृत्तीत ठेवू नये. खुनी कोण हे कळण्याचा हक्क खुनाइतकाच जुना आहे.

मागण्या मान्य होईपर्यंत आत्याच्या मोबाइलमधून तो खेळ काढून टाकला आहे. सौ.नं तिला एक जुना, एकरकमी घेतलेला वाड्याचा खेळ घालून दिला. परवा फोन आला, "त्या दिवाणखान्यात कात्री काही मिळेना."

मी म्हटलं, "आत्या, मदतीचं बटण दाब. फुकट आहे."

"छे रे," आत्या म्हणाली, "मिळेल की. कुठं जातेय?"